पहिली निवडणूक कव्हर करायला निघताना

तारखा जाहीर झाल्या की ऑफिसातून फोन येतो, "हे दोन मतदारसंघ तुझ्याकडे. रोज एक बातमी, रविवारी एक मोठी." नव्या माणसाला वाटतं, आता गाडी काढायची आणि सभा गाठत सुटायचं. माझी पहिली निवडणूक मी अशीच केली. सभा भरपूर ऐकल्या, वह्या भरल्या आणि निकालाच्या दिवशी कळलं की ज्या पट्ट्याने निकाल फिरवला तिथे मी एकदाही उतरलो नव्हतो. कारण साधं होतं, तिथे मोठी सभाच झाली नव्हती. पुढच्या वेळी मी क्रम उलटा केला. आधी कागद, मग गाव आणि सगळ्यात शेवटी व्यासपीठ. खाली तोच क्रम आहे.

हे सगळं विधानसभा आणि लोकसभेला धरून लिहिलंय. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथली खर्चमर्यादा आणि नमुने वेगळे असतात, ते त्या वेळी निवडणूक शाखेतून मागून घ्या.

पायरी पहिली: मागचा निकाल केंद्रवार वाचा

'नमुना २०' हा कागद राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. कुठल्या मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली, हे त्यात असतं. तीनेकशे ओळींचा कंटाळवाणा तक्ता आहे, पण दोन संध्याकाळी त्याला द्या. केंद्र क्रमांक, गाव, झालेलं मतदान, पहिले तीन उमेदवार, एवढं वहीत उतरवा. मतदारसंघांची पुनर्रचना २००८ साली लागू झाली, त्यामुळे विधानसभेची तुलना २००९ पासून पुढेच करा. "आमचा बालेकिल्ला पन्नास वर्षांचा" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याआधी मतदारसंघाच्या सीमा काय होत्या, ते आधी विचारा.

या वहीचा खरा उपयोग मतमोजणीच्या दिवशी होतो. ते शेवटी सांगतो.

पायरी दुसरी: सरकारी घोषणेचा कागद मागा

आचारसंहिता लागण्याआधीचे काही आठवडे शासन निर्णयांचा पाऊस असतो. जिल्हा माहिती कार्यालयाच्या प्रेस नोटा, पालकमंत्र्यांचे दौरे, भूमिपूजनं. नव्या बातमीदाराची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, सभेत नाही.

नारळ फुटला म्हणजे काम सुरू झालं, असं नसतं. रस्त्याचं काम घ्या. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा हुकूम. फलकावर "मंजूर निधी अमुक कोटी" लिहिलेलं असतं. हा आकडा बहुतेकदा प्रशासकीय मान्यतेचा असतो. पैसे वितरित झाले का, हे वेगळ्याच शासन निर्णयात सापडतं किंवा कुठेच सापडत नाही. बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याला एकच प्रश्न विचारा, "कार्यारंभ आदेशाची तारीख काय?" तारीख मिळाली तर ती छापा. मिळाली नाही तर "कार्यारंभ आदेश अद्याप नाही" हेच तुमचं पहिलं वाक्य.

शासन निर्णय वाचताना क्रमांक आणि तारीख टिपा, प्रस्तावना वगळली तरी चालेल, थेट 'शासन निर्णय' या शब्दांखालचा मजकूर वाचा आणि मग शेवटच्या अटी. बातमी अटींत लपलेली असते. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचंच पाहा. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि त्याच दिवशी शासन निर्णयही निघाला. महिना १,५०० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अशा अटींसह. पुढे प्रचारात आश्वासन आलं २,१०० रुपयांचं. दोन्ही आकडे एकाच बातमीत, एकाच सुरात छापले गेलेले मी पाहिले. पहिल्याला शासन निर्णय होता, दुसऱ्याला फक्त व्यासपीठ. वाचकाला हा फरक वाक्यातूनच कळला पाहिजे. "मिळतात" आणि "देऊ म्हणाले" ही दोन वेगळी क्रियापदं आहेत.

अधिवेशन चालू असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॅगचे, म्हणजे सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या यंत्रणेचे अहवाल बऱ्याचदा शेवटच्या दिवशी सभागृहात ठेवले जातात, तेव्हा सगळे सामान आवरत असतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात परतीच्या गाडीची वेळ झालेली असते. अहवाल बॅगेत टाका, गाडीत वाचा. पुढच्या आठवड्याच्या तीन बातम्या त्यातून निघतील.

पायरी तिसरी: अर्ज, शपथपत्र, चिन्ह

अर्ज भरण्याच्या दिवशी सगळे कॅमेरे मिरवणुकीवर असतात. तुम्ही निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर नजर ठेवा. 'नमुना २६' म्हणजे उमेदवाराचं शपथपत्र तिथे लागतं आणि भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही चढतं. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे हे सगळं मतदारासमोर यायला सर्वोच्च न्यायालयाचे २००२ आणि २००३ चे निकाल यावे लागले. ते फुकट मिळालेलं नाही, तेव्हा वापरा.

या निवडणुकीचं आणि मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा. नुसतं "संपत्ती तिप्पट झाली" असं लिहू नका. जमिनीचं बाजारमूल्य वाढलंय, की नवी जमीन आली, की वारसा, हे वेगळं काढा. गुन्ह्यांच्या रकान्यात 'गुन्हा दाखल', 'आरोप निश्चित' आणि 'दोषसिद्धी' हे तीन वेगळे टप्पे आहेत. रास्ता रोको आणि जमावबंदी मोडल्याचे अकरा गुन्हे असलेला कार्यकर्ता आणि फसवणुकीचा एकच गुन्हा असलेला संस्थाचालक यांना "अकरा विरुद्ध एक" अशा चौकटीत बसवलं, तर आकडे खरे आणि बातमी खोटी. शिवाय गुन्हे असलेल्या उमेदवाराने ती माहिती प्रचारकाळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर द्यायची असते. त्याच उमेदवाराला का निवडलं, याची कारणं पक्षाने जाहीर करायची, हे २०२० च्या न्यायालयीन आदेशाने आलं. ती कारणं मुळातून वाचा. सगळ्यांची जवळपास सारखीच असतात, आणि हीसुद्धा बातमी आहे.

एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद कोणाला मिळाला, बंडखोराची मनधरणी कुठल्या हॉटेलात चालली, हे सगळे लिहितीलच. माघारीच्या दिवशी दुपारी तीनला मुदत संपली की मात्र लगेच निघू नका. चिन्हवाटपाची अंतिम यादी हातात घेऊनच निघा.

का, ते सातारा सांगेल. २०२४ च्या लोकसभेला राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. एका अपक्षाला मिळालं होतं 'तुतारी'. या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली आणि पक्षाचा उमेदवार ३२ हजारांवर मतांनी हरला. निकालानंतर महाराष्ट्रभर यावर रकानेच्या रकाने लिहून आले. अपक्षाची सगळी मतं चुकूनच पडली, असं कोणी सिद्ध करू शकत नाही, तेव्हा तसं छापू नये. पण चिन्हांची यादी मतदानाच्या दोन आठवडे आधी भिंतीवर लागलेली होती. नामसाधर्म्याचे उमेदवारही याच यादीत सापडतात.

पायरी चौथी: सभेला लवकर जा, उशिरा निघा

नेता नेहमी उशिरा येतो, ते खरं. पण सभेची बातमी भाषणाच्या आधी आणि नंतर असते. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबर प्लेटा आणि काचेवरची गावांची नावं वाचा. कुठल्या तालुक्यातून माणसं आणली, ते कळतं. खुर्च्यांच्या एका रांगेत किती आणि रांगा किती, मोजा. मग आयोजक "एक लाख" म्हणाले की तुम्हाला हसू आवरावं लागेल. छापायचंच तर "आयोजकांचा दावा" म्हणून छापा आणि शेजारी तुमचा खुर्च्यांचा हिशेब द्या.

पक्षाकडून येणाऱ्या ड्रोनच्या क्लिपा आणि तयार फोटो बघून हुरळू नका. मोठ्या सभांना कॅमेरे पक्षाचेच असतात आणि वाहिन्यांना तेच चित्रण मिळतं. मागच्या रिकाम्या खुर्च्या त्यात दिसत नाहीत, तसं पाहायला गेलं तर दिसाव्यात कशाला? तुमचा फोटोग्राफर मागच्या बाजूने एक फ्रेम काढून ठेवेल, एवढं बघा.

गर्दी म्हणजे मतं नव्हेत, हे सगळेच म्हणतात, पण बातमी लिहिताना विसरतात. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरे यांच्या "लाव रे तो व्हिडिओ"ने प्रचाराचं चित्रच बदललं, असं वाटत होतं. मैदानं भरत होती, वाहिन्या सभा अख्ख्या दाखवत होत्या. त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार रिंगणात नव्हता आणि निकालात, ज्यांच्याविरुद्ध ते बोलत होते त्या भाजप-शिवसेना युतीने ४८ पैकी ४१ जागा घेतल्या. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले. तो एक फोटो विधानसभेच्या प्रचाराचा चेहरा झाला आणि साताऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक त्यांच्या पक्षाने जिंकलीही. म्हणजे दृश्याचा परिणाम होतच नाही, असंही नाही. फक्त तो त्या रात्री मैदानात उभं राहून कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मतदारसंघातल्या दोन गावांत जाऊन चहाच्या टपरीवर, रेशन दुकानावर, कांदा भरणाऱ्या बायकांमध्ये बसावं लागतं. पुरुष मोठ्याने बोलतात. बायकांशी बोलायचं तर गावपुढाऱ्याला बरोबर घेऊ नका.

भाषण पूर्ण रेकॉर्ड करा. वाक्य तोडून बाइट बनवू नका. आरोप झाला असेल तर समोरच्याला फोन करा आणि कितीदा केला, किती वाजता केला, ते वहीत लिहा. "प्रतिक्रियेसाठी संपर्क होऊ शकला नाही" हे वाक्य लिहायचा अधिकार त्या नोंदीने मिळतो.

पायरी पाचवी: वडापावचा दर

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा कागद हा. प्रत्येक जिल्ह्यात निवडणूक अधिकारी एक दरपत्रक ठरवतात. चहा किती, वडापाव किती, खुर्चीचं भाडं, मंडप, पुष्पहार, ढोल-ताशा, जेसीबी. उमेदवाराचा खर्च या दराने धरला जातो. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेची मर्यादा ४० लाख आणि लोकसभेची ९५ लाख आहे, २०२२ च्या जानेवारीपासून.

तुम्ही मोजलेल्या खुर्च्या या दराने गुणा. मग निवडणूक शाखेत जाऊन उमेदवाराची खर्चाची नोंदवही बघा. प्रचारकाळात किमान तीनदा ती तपासणीला ठेवावी लागते आणि नाममात्र शुल्कात प्रत मिळते. आयोगाचं व्हिडिओ पथक सभेचं चित्रण करतं, त्यामुळे शाखेकडे स्वतःचाही आकडा असतो. तुमचा, उमेदवाराचा आणि शाखेचा असे तीन आकडे शेजारी मांडले की विशेषणांची गरज उरत नाही.

स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च पक्षाच्या नावावर जातो, उमेदवाराच्या नाही. मान्यताप्राप्त पक्षाला अशी ४० नावं देता येतात. पण उमेदवार त्याच व्यासपीठावर बसला की सभेचा खर्च त्याच्या वहीत येतो. म्हणून कधी कधी उमेदवार स्वतःच्याच सभेत खाली, पहिल्या रांगेत बसलेला दिसेल. फोटो काढा.

पायरी सहावी: आपल्या घरातला कचरा

आता जे कोणी प्रशिक्षणात सांगत नाही ते. तालुका वार्ताहराला मानधन तुटपुंजं आणि जाहिरातीवर कमिशन. ज्याची बातमी लिहायची, त्याच्याचकडे वाढदिवसाची पुरवणी मागायला जायचं. मीही गेलोय. निवडणुकीत हीच वाट 'पॅकेज'पर्यंत जाते, म्हणजे अमुक रकमेत इतक्या बातम्या, इतके फोटो, विरोधकाची बातमी आतल्या पानावर.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर ही गोष्ट देशभर चव्हाट्यावर आली ती महाराष्ट्रातूनच. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. त्यांच्यावरचे 'अशोक पर्व' छापाचे गौरवपर लेख वेगवेगळ्या मराठी दैनिकांत आले होते आणि त्यातला मजकूर काही ठिकाणी शब्दशः सारखा होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती कात्रणं शेजारी मांडली. आयोगाने जुलै २०१४ मध्ये खर्चाच्या हिशेबावरून ठपका ठेवला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना मात्र अशाच प्रकरणात २०११ साली तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं गेलं.

आज जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. संशयित पेड न्यूज ती तपासते, टीव्ही, रेडिओ आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिराती आधी मंजूर करते. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायच्या जाहिरातींनाही तिची मंजुरी लागते. तुमच्या हाती काय आहे? डेस्कला, म्हणजे ऑफिसातल्या संपादन विभागाला पाठवताना मजकूर पैशाचा असेल तर वर ठळक 'जाहिरात' लिहा आणि तो मेल जपून ठेवा. पाकीट दिलं तर तिथल्या तिथे, चार लोकांसमोर परत करा. नंतर एकांतात परत केलेल्या पाकिटाचा साक्षीदार कोणी नसतो.

पायरी सातवी: "ठरलं" आणि "झालं"

२३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ. दारात पडलेल्या वर्तमानपत्रांत होतं, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. आदल्या रात्री शरद पवार तसं जाहीरपणे म्हणाले होते, त्यामुळे बातमी खोटी नव्हती. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार शपथ घेताना टीव्हीवर दिसले. लोक हातात पेपर घेऊन टीव्ही बघत होते. ते सरकार तीन-चार दिवसांतच पडलं, ही पुढची गोष्ट.

यावर उपाय एवढाच की क्रियापद जपून वापरा. "एकमत झाल्याचं पवार यांनी सांगितलं" हे सकाळी आठलाही खरं राहिलं, "ठाकरे मुख्यमंत्री" मात्र राहिलं नाही. सूत्रांचंही तसंच. बैठकीत स्वतः हजर असलेला माणूस आणि बाहेर गाडीपाशी थांबलेला त्याचा स्वीय सहायक, दोघेही "सूत्र" म्हणून छापले जातात. दोन सूत्रं असतील तर त्यांचे स्वार्थ वेगळे आहेत का, ते पाहा. एकाच गटाची दोन माणसं म्हणजे एकच सूत्र. आणि ऑफ द रेकॉर्ड हे बोलायच्या आधी ठरतं. बोलून झाल्यावर "हे छापू नका हां" म्हणणाऱ्याला ते तिथेच, नम्रपणे सांगा.

पायरी आठवी: शेवटचे अठ्ठेचाळीस तास

मतदान संपायच्या वेळेआधी ४८ तास जाहीर प्रचार बंद. टीव्हीवर या काळात जनमत चाचण्या दाखवता येत नाहीत. मतदानोत्तर चाचणी तर शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत कोणालाच देता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ अ, दोन वर्षांपर्यंत कैद. "आमच्या वाचकांचा कौल" असं नाव दिलं म्हणून सुटका होत नाही.

मतदान केंद्रात जायला आयोगाचं प्राधिकारपत्र लागतं, तुमच्या दैनिकाचं ओळखपत्र चालत नाही. आत मतदानाच्या गुप्ततेला धक्का लागेल असं काहीही टिपायचं नाही.

टक्केवारी देताना आकड्याशेजारी वेळ लिहा. २०२४ च्या विधानसभेला २० नोव्हेंबरला संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम ६६.०५. मधल्या फरकावरून मोठा वाद झाला. आयोगाचं म्हणणं होतं की पाचनंतरच्या रांगा आणि उशिरा येणारी माहिती यामुळे तसं होतं, विरोधकांना ते पटलं नाही. गावातल्या बातमीदाराला इथे करण्यासारखं काम असतं. सहा वाजता दहा केंद्रांवर रांगेत किती माणसं होती, ते मोजून वेळेसह फोटो काढायचा. केंद्राध्यक्ष 'नमुना १७ क', म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशेब भरून उमेदवारांच्या प्रतिनिधींना प्रत देतो. त्या प्रती रात्रीच मिळवा.

पायरी नववी: मोजणी, आणि ती वही

आधी टपाली मतं, अर्ध्या तासाने यंत्रं. साधारण चौदा टेबलं असतात आणि केंद्रं क्रमांकाने लागतात. म्हणजे पहिल्या फेरीत १ ते १४ नंबरची केंद्रं, दुसऱ्यात पुढची चौदा. आता पहिल्या पायरीची वही उघडा. पहिल्या सहा फेऱ्या कोणाच्या गावातून जातात, ते त्यात आहे. टीव्हीवर "मोठी आघाडी" झळकत असताना तुम्हाला ठाऊक असतं की हा तर त्याचा घरचा पट्टा, मागच्या वेळी इथे याहून दोन हजार जास्त होती. फेरीगणिक मागच्या वेळच्या आकड्याशी तुलना करा, डेस्कला तेच सांगा. डेस्क घाई करेल. निर्णय अधिकाऱ्याने जाहीर करेपर्यंत 'विजयी' लिहू नका, गुलाल कितीही उधळला असला तरी. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्राशेजारी छापल्या जाणाऱ्या कागदी पावत्या, मोजायच्या असतात, घासून लढत असेल तर तोवर हॉल सोडू नका.

निकाल लागल्यापासून ३० दिवसांत उमेदवाराने खर्चाचा अंतिम हिशेब द्यायचा असतो. ती तारीख आजच डायरीत लिहून ठेवा. त्या दिवशी निवडणूक शाखेत दुसरा बातमीदार बहुधा नसेल, कारकून तुम्हाला खुर्ची देईल, चहाही विचारेल.